उशाकडची भिंत

सून पलंग हलवायचं बोलली, तेव्हापासून सासूबाईंच्या मनात पाल चुकचुकत होती. शेगडीचा धुराचा पाइप त्यांच्याच उशाशी लाकडी भिंतीतून बाहेर जायचा; घरात उबेची जागा तेवढी एकच. शिवाय रोज नाम घेत त्या आडव्या झाल्या, की सून चोरपावलांनी उशाशी येऊन उभी राही. म्हातारी आहे की गेली, तेच बघत असणार.

मिस्त्री आला. पाइप तांब्याएवढा, भोक मात्र त्यानं परातीएवढं पाडलं.

“काय रे, पलंग परत लागू नये म्हणून एवढं पाडायला सांगितलंय का सुनेनं?”

मिस्त्रीनं भिंतीतली फळी काढून दाखवली. तिचा कोळसा झाला होता.

“आजी, पाइप लाकडाला टेकलेला. आतल्या आत जळत होतं. वहिनी रोज भिंतीला हात लावून बघायच्या. परवा चटका बसला, तेव्हा मला बोलावलं.”

त्यानं चहूबाजूंनी वीतभर अंतर सोडून पत्र्याचं कडं बसवलं, न जळणारी दगडी लोकर भरली.

दिवेलागणीनंतर सून पुन्हा उशाशी आली. सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत.

“गार आहे गं. मी पाहिलंय हात लावून. जा, तूही पड जरा.”