तोंड मिटून

माझ्या छोट्या मोटरबोटीचं इंजिन इतकं बोंबलायचं, की बायकोनं बोटीत पाय ठेवणं सोडलं होतं. शेवटी मिस्त्रीनं इंजिनाखाली रबरी गाद्या बसवल्या, त्याच्या लाकडी पेटीला आतून जाड फोम लावला आणि म्हणाला, "आता कुजबुजलात तरी ऐकू येईल."

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी मेहुण्याला घेऊन निघालो. तो माझ्या मागे, पेटीला टेकून बसला होता. इंजिन खरंच मांजरासारखं गुरगुरत होतं. त्यामुळेच ती मचमच ऐकू आली.

मला या आवाजाची शिसारी आहे. कुणी उघड्या तोंडानं, लाळ घोळवत चावायला लागलं, की मी सरळ ताटावरून उठतो.

"तोंड मिटून खा रे," मी वळून न बघता म्हटलं.

"मी कुठं काय खातोय, भावोजी?"

मी इंजिन बंद केलं. मचमच चालूच राहिली.

पेटीचं झाकण उचललं, तशी आंबूस, कोमट वाफ तोंडावर आली. कालच लावलेला फोम लिबलिबीत झाला होता आणि जागोजागी त्याचे लचके तोडलेले होते. आत इंजिनाशिवाय काहीच नव्हतं. आवाज मात्र माझ्या नाकासमोरून, वीतभर अंतरावरून येत होता.

मला भीतीआधी रागच आला, जन्माची खोड.

"अरे, तोंड मिटून खा!" मी पेटीत ओरडलो.

आवाज थांबला.

मग चावणं पुन्हा सुरू झालं. हळू, दबकत, तोंड मिटून.