पहिला घोट

"आधी तू," म्हणत नवऱ्यानं पेला तिच्या हातात दिला, तेव्हा समोर बसलेल्या साहेबाला हसू आवरलं नाही.

"काका, तिकडे गाव तहानलंय आणि इथं काकूंचे लाड चाललेत."

साहेब म्हणजे पाणीपुरवठ्याचा तरुण इंजिनिअर. वरच्या अंगाच्या एका कारखान्यानं नदीत काहीतरी सोडलं होतं आणि ते कुठल्या टाकीत शिरलं, हे कळायला मार्ग नव्हता. तपासणीचा अहवाल यायला संध्याकाळ होणार होती. नळ सकाळपासून कोरडे. म्हणून तो दोन टाक्यांच्या दोन बाटल्या घेऊन घरी आला होता. पाणी चाखून ते कसं आहे हे सांगणं, हे पाणीपुरवठ्यात नवऱ्याचं कामच. तिथल्या क्लोरीनच्या वासात जीभ बिघडते म्हणून हल्ली तो बाटल्या घरीच चाखायचा.

ती मनातून सुखावली. जन्मभर तिच्या स्वयंपाकात खोट काढणारा हा माणूस त्या मोठ्या तापातून उठला आणि पार बदलला. चहाचा पहिला घोट तिला, जेवणातला पहिला घास तिला. ती खात असताना टक लावून तिच्याकडे बघायचा, मग स्वतः खाऊन म्हणायचा, "झकास." उशिरा का होईना, नवरा माणसात आला, असं ती बहिणीला कौतुकानं सांगायची.

पहिल्या बाटलीतलं पाणी तिनं तोंडात घोळवून थुंकलं. दुसऱ्या बाटलीला तिच्या कपाळावर जेमतेम आठी पडली. बोलली मात्र काही नाही. त्यानं सांगायच्या आत तोंड उघडायचं नाही, हा या घरातला नियम होता.

मग त्यानं दोन्ही पाणी चाखलं.

"पहिली टाकी सोडा. दुसरीला हात लावू नका."

संध्याकाळी साहेबाचा फोन आला. "काका, अहवालात दुसरीच निघाली. गाव वाचवलंत तुम्ही."

ती हरखून गेली. घाईघाईनं चहा केला आणि कप त्याच्यापुढे धरला. "आज आधी तुम्ही. मान तुमचा."

तो जरा घुटमळला. मग एक घोट घेऊन म्हणाला, "झकास. साखर अगदी बेताची."

तिनं आपला कप तोंडाला लावला. साखरेऐवजी मीठ पडलं होतं.

तो नेहमीसारखा तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. तिनं तो चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला, कपाळावर एकही आठी न येऊ देता.