यादीतली बारावी ओळ

"ताई, तुमची फाइल आमच्याकडे कुलूपबंद आहे. तुम्ही परवानगी दिल्याशिवाय ती कोणालाही उघडता येत नाही." कारकुनाने हे तिसऱ्यांदा सांगितलं.

"फाइलचं नाही हो म्हणत मी काका. यादीचं म्हणतेय," खिडकीपलीकडची बाई म्हणाली.

साडेचार वाजले होते. सकाळपासून शंभरेक माणसांशी तेच तेच बोलून कारकुनाचं डोकं उठलं होतं, आणि ही बाई काही केल्या हलत नव्हती. शेवटी त्याने कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. तिने एकदाचं बघावं आणि घरी जावं, एवढंच त्याला हवं होतं.

शहरातल्या सगळ्या इस्पितळांची यादी एकच होती. कागद ज्याचे त्याच्याकडे. पण कोणाचा कोणता कागद कुठे आहे, हे प्रत्येक इस्पितळाच्या खिडकीवर दिसायचं. सोय म्हणून केलेलं. बाईच्या नावाखाली अकरा ओळी होत्या. तारीख, विभाग, विषय, पानं. अकराही ओळींत विभाग एकच होता, मानसोपचार.

"आता सांगा, आत काय लिहिलंय ते दिसतंय का कुठे?"

"आतलं कोणाला हवंय? सोमवारी बाळाची लस आहे, दुसऱ्या इस्पितळात. बाळाबरोबर आईचीही यादी उघडतात. आणि तिथल्या खिडकीवर माझी नणंद बसते." तिने आवाज खाली आणला. "घरी मी पाठदुखीचं सांगितलंय. सासूबाईंना कळलं तर बाळाला माझ्याजवळ निजूसुद्धा देणार नाहीत. आत्ता कुठे मला त्याला घ्यावंसं वाटायला लागलंय, काका."

कारकुनाला वाईट वाटलं. घरी जायच्या वेळेला वाईट वाटायची पाळी यावी, याचा वैतागही आला. पण तो काही दगड नव्हता.

"ओळ पुसायचा अधिकार मला नाही," तो म्हणाला. "पण लपवण्यासाठी समितीकडे अर्ज करता येतो. तातडीचा म्हणून टाकतो. सोमवारच्या आत होऊन जाईल."

"खरंच?"

"सांगा, मी लिहितो."

तिने सांगितलं. मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून खिडकीच्या भोकाशी तोंड नेऊन सांगितलं. बाळाचं रडणं, न्हाणीघरात कडी लावून बसणं, सगळं. तो दोन बोटांनी टाइप करत राहिला. अर्ध्यात तिने डोळे पुसले, तेव्हा तो थांबला आणि मग पुढचं लिहू लागला. वरचा विषयाचा रकानाही त्याने मन लावून भरला. मोघम विषय दिसला की समिती अर्ज परत पाठवते, हे त्याला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. हिचा अर्ज परत यायला नको होता.

त्याने बटण दाबलं. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि यादी पुन्हा उघडली.

आता बारा ओळी होत्या. नवी ओळ सगळ्यांत वर आली होती. आजची तारीख. विभाग: नोंदणी. विषय: मानसोपचाराच्या भेटी सासरच्या नातेवाइकांपासून लपवण्याबाबत. पानं: दोन.

दोघांनीही ती एकदमच वाचली.

"ही पण सगळ्यांना दिसते?" बाईने विचारलं.

कारकुनाने पानांच्या रकान्यावर बोट ठेवलं. "आतली दोन पानं नाही दिसत."

"आणि ही ओळ काढायची असेल तर?"

"त्याला वेगळा अर्ज..." तो बोलता बोलता थांबला आणि त्याने पडदा हळूच स्वतःकडे वळवून घेतला.