कूलरसमोरची खुर्ची

सिंदी मेघेच्या आमच्या वाचनालयातल्या लिनक्स संगणकाची स्क्रीन सारखी लॉक व्हायची. दर वेळी पासवर्ड टाकायचं काम निवृत्त तलाठी सदाशिवरावांकडे होतं, म्हणून ते शेजारीच बसायचे, खोलीतल्या एकुलत्या एका कूलरसमोर. मे महिना होता. वाचनालयाचे सचिव मला म्हणाले, "मॅडम, हे लॉक काढून टाका. मंग काकाची खुर्ची मांगं सरकवू." मी सेटिंगमध्ये आपोआप होणारं लॉक बंद केलं, स्क्रीनसेव्हरही काढला. तरी स्क्रीन लॉक होतच राहिली. शेवटी कपाटाआड उभी राहून पाहिलं. सदाशिवरावांची दोन बोटं हळूच कीबोर्डवरच्या लॉक करायच्या दोन बटणांवर गेली आणि स्क्रीन लॉक झाली. "काका, काऊन करून राह्यले असं?" ते ओशाळले. "ताई, स्क्रीन उघडी राह्यली त मले इथं कोन बसू देईन?" बाहेर पत्रे तापून कडकडत होते. संध्याकाळी सचिवांनी विचारलं, "सापडला का दोष?" "सापडला," मी म्हटलं. "पाऊस पडला की आपोआप जाईल."