खिडकीतली काजळी
"खिडकीतली काजळी पुसू नका," तिनं परदेशातल्या त्या इमारतीत आपल्यासारख्याच येऊन वसलेल्या माणसांना घरोघर जाऊन बजावलं होतं. शेजारच्या कारखान्याच्या धुराड्याशी लढायला तिच्याकडे दुसरा पुरावाच नव्हता. आज पालिकेचा तपासनीस आला आणि त्याच्याबरोबर जिना चढतानाच तिला दिसलं. सगळ्यांच्या खिडक्या लख्ख! त्यानं तिच्याच घरातल्या खिडकीवर बोट फिरवलं, कोरं बोट तिला दाखवलं आणि फाईल मिटली. तिनं आईला मोरीपाशी गाठलं. "आई, हे काय करून ठेवलंस?" "अगं, साहेब येणार आणि घर असं? आधीच इथले लोक आपल्याला घाणेरडे म्हणतात." रडावं की ओरडावं, कळेना. बाहेर दार करकरलं, तपासनीस निघाला होता. लेकीचा चेहरा बघून आईला उमगलं, आपण पुरावाच पुसून टाकला. तिनं बादली उचलून थेट तपासनीसाच्या वाटेत आदळली. फडकं पिळलेलं पाणी काळंकुट्ट होतं. "सांग यांना," आई म्हणाली, "ही घाण आमची नाही."