खाकी कव्हर

फिलोमिना टीचरनी तीच ओळ पुन्हा वाजवली आणि करंगळी पुन्हा पट्टीपर्यंत पोहोचलीच नाही. सांधेदुखीने बोटं सुजली होती. रविवारी विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमाचा शेवट दरवर्षीप्रमाणे त्यांच्या वादनानेच व्हायचा होता. त्यांनी पियानोचं झाकण लावून टाकलं.

"थकले मी, रणदिवे. यंदा शेवट तुम्हीच करा."

शिकवणीला आलेले रणदिवे दाराशीच थबकले. निवृत्तीनंतर ते पियानो शिकायला लागले, तेव्हापासून टीचर त्यांना झेपेल अशा सोप्या मांडणीतल्याच धुना निवडत आल्या होत्या. ती पुस्तकं लहान मुलांची, मुखपृष्ठावर ससे नाहीतर हत्ती. मोठ्या माणसाला लाज वाटू नये म्हणून टीचर त्यांना शाळेतल्यासारखं खाकी कव्हर घालायच्या. "अवघड आहे का हो?" असं रणदिव्यांनी विचारलं, की न हसता सांगायच्या, "चांगलंच अवघड आहे. पण तुम्हाला जमेल."

दुसऱ्या दिवशी रणदिव्यांनी एक पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं. "तुमचीच धून आहे टीचर. मांडणी जरा निराळी."

पुस्तकाला नवंकोरं खाकी कव्हर होतं, कडा वेड्यावाकड्या दुमडलेल्या. आत ठसठशीत छापलेले सूर, डाव्या हाताला जवळजवळ कामच नाही. टीचर बराच वेळ कव्हरच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. काढलं मात्र नाही.

"अवघड आहे का हो?" त्यांनी विचारलं.

"चांगलंच," रणदिवे न हसता म्हणाले. "पण तुम्हाला जमेल."