वळणावरचा हॉर्न

एकेकाळी आखातातल्या फुजैरा बंदराचे सगळे ट्रक डोंगरातल्या या अरुंद रस्त्याने जायचे. पलीकडे बोगद्याचा हायवे झाला आणि इथे केरूचा पाण्याचा टँकर तेवढा उरला. आता हा रस्ता खाणीच्या लेबर कॅम्पपाशीच संपतो.

कड्याजवळच्या वळणावर केरू रोज दोनदा हॉर्न द्यायचा. समोरून कोणी येणार नाही हे त्याला ठाऊक होतं. पण गावाकडच्या घाटात म्हसोबाच्या वळणावर सगळे ड्रायव्हर तसा हॉर्न देतात. हाताची ती सवय इथेही सुटली नाही.

गेल्या महिन्यापासून वळणापलीकडून उत्तर येऊ लागलं. तसाच हॉर्न, दोनदा. वळण पार करून पाहावं तर रस्ता रिकामा. केरू कॅम्पात कोणाला काही बोलला नाही. दिवसभरात त्याला उत्तर देणारं तेवढंच होतं.

आज दुपारी त्याने वळणाआधी टँकर उभा केला आणि गावी बायकोला, कावेरीला, फोन लावला. दिवाळीला घरी येतो असं त्याने तिला सांगून ठेवलं होतं. तिला ऐकवायला म्हणून हॉर्न दिला. डोंगर गप्प राहिला.

उत्तर फोनमधून आलं. दोनदा.

"अहो, दारात कोणाची तरी गाडी आलीय," कावेरी म्हणाली. "थांबा, बघते."

कडी काढल्याचा आवाज आला. मग ती हसली. असं ती फक्त केरू घरी आल्यावर हसायची.

"दिवाळीला येतो म्हणाला होतात ना?" ती फोनपासून दूर कोणाला तरी म्हणत होती. "या की आत. आणि तो फोन ठेवा आता."